कार्डावर कुटुंबप्रमुख, रांगेत मात्र अर्जदार

रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून कोणाचे नाव असावे, हा प्रश्न संसदेने २०१३ मध्ये निकालात काढला. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १३ नुसार घरातील अठरा वर्षे पूर्ण केलेली ज्येष्ठतम स्त्री शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख ठरते. तशी स्त्री घरात नसेल, तरच पुरुषाची पाळी येते. सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून जिला आयुष्यभर झगडावे लागते, तिला हा मान एका कलमाने मिळाला.

दिल्लीत याची रंगीत तालीम आधीच झाली होती. शीला दीक्षित सरकारने डिसेंबर २०१२ मध्ये ‘अन्नश्री’ योजना आणली. धान्याऐवजी दरमहा ६०० रुपये आणि तेही घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या खात्यात, असे तिचे स्वरूप होते. पुढे संसदेची मोहोर उमटण्यापूर्वीच, वटहुकमाच्या आधारे, ऑगस्ट २०१३ मध्ये राजधानीत अन्नसुरक्षा योजनेचा प्रारंभ झाला. डिसेंबरच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला ७० पैकी अवघ्या आठ जागा मिळाल्या. श्रेयाचे राजकारण तेथेच संपले. हक्क तेवढा उरला.

या हक्काची खरी अडचण कोट्याची आहे. प्रत्येक राज्याची लाभार्थीसंख्या २०११ च्या जनगणनेच्या आधारे बांधून दिली गेली. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली आणि मर्यादा जुन्याच आकड्यांवर अडकली. दिल्लीचा वाटा सुमारे ७२.७८ लाख व्यक्तींचा. जुनी नावे वगळल्याशिवाय नवी सामावत नाहीत. परिणामी कायद्याने जिला कुटुंबप्रमुख मानले, ती प्रत्यक्षात प्रतीक्षायादीतील अर्जदार ठरते. २०२० च्या टाळेबंदीत दिल्ली सरकारला कार्ड नसलेल्यांसाठी ई-कूपनवर धान्य द्यावे लागले, तेव्हा ही उणीव उघडी पडली.

स्थलांतरितांना दिलासा मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२१ च्या निकालामुळे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ३१ जुलैपर्यंत सर्वत्र लागू करण्याचा आदेश न्यायालयाने दिला आणि त्याच महिन्यात दिल्लीने ती स्वीकारली. महाराष्ट्रातील कार्डावरचे हक्काचे धान्य येथील दुकानात उचलता येऊ लागले. कुटुंब विभागलेले असेल, तर काही वाटा गावी आणि काही दिल्लीत, अशीही सोय आहे. मात्र कार्डच नसलेल्या स्त्रीला या सोयीचा उपयोग शून्य.

महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया १९७० च्या दशकात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांचा रोख दुकानातील भावावर होता. आता धान्य मोफत आहे. प्रश्न यादीत नाव असण्याचा आहे. राज्य अन्न आयोगावर किमान दोन स्त्रिया असाव्यात आणि रेशन दुकानांच्या व्यवस्थापनात महिला गटांना प्राधान्य मिळावे, याची तरतूद कायद्यातच आहे. या तरतुदी कागदावरून दुकानापर्यंत पोहोचवणे आणि कोटा आजच्या लोकसंख्येशी जोडणे, ही दोन कामे झाल्याशिवाय कार्डावरचे कुटुंबप्रमुखपद मानापुरतेच राहील.