टेक्सासचं पत्र : सभासदांचं चर्च

फोर्ट वर्थ, टेक्सास

घरून फोन आला की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. ‘तुमच्याकडे त्या इव्हँजेलिकल लोकांचा फार जोर आहे म्हणे. त्रास देतात का?’ विचारणाऱ्याच्या मनात दोन चित्रं असतात. एकात गरिबाच्या दारी पैसे वाटणारा मिशनरी, दुसऱ्यात ट्रंप यांच्या सभेतली गर्दी. दुसऱ्या चित्रात तथ्य आहे. २०२४च्या निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातल्या सुमारे आठांनी ट्रंप यांना मत दिलं. त्याविषयी आपल्या वर्तमानपत्रांत भरपूर येतं. पण आमच्या रस्त्याच्या टोकाला एक सदर्न बॅप्टिस्ट चर्च आहे, शेजारच्या आजींबरोबर मी तिथे वरचेवर जाते, आणि तिथे जे दिसतं ते या दोन्ही चित्रांत बसत नाही.

आत मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत. समोर प्रवचनाचं व्यासपीठ आणि त्यामागे भिंतीत माणूस बुडेल एवढा पाण्याचा हौद. बाप्तिस्मा तिथेच होतो, पूर्ण बुडवून. तान्ह्या बाळाला इथे पाणी लावत नाहीत, कारण बाळ विश्वास ठेवू शकत नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेलं मूल यांच्या लेखी ख्रिस्ती नसतं. पास्टरची स्वतःची मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत चर्चची सभासद नव्हती. पाप म्हणजे काय, येशू आपल्यासाठी मेला म्हणजे काय, हे तिला तिच्या शब्दांत सांगता येईपर्यंत घरच्यांनी घाई केली नाही. मग एका रविवारी ती पाण्यात उतरली आणि वर आली तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. माणूस आपल्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या कृपेने तरतो, आणि ती कृपा ज्याने त्याने स्वतः स्वीकारायची असते. बापाने मुलासाठी ती स्वीकारता येत नाही, राजाने प्रजेसाठी तर नाहीच. म्हणून तर कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी धर्मस्वातंत्र्याची काळजी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांना लिहून कळवली होती, आणि १८०२मध्ये त्यांना दिलेल्या उत्तरातच जेफर्सन यांनी धर्म आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख केला.

पैसे देऊन ख्रिस्ती केलेला माणूस या तत्त्वाप्रमाणे ख्रिस्ती ठरतच नाही. कुणी कुठे प्रलोभन दाखवत असेल तर तो आधी स्वतःच्याच शिकवणीशी बेइमानी करतो, हे मला इथल्या पास्टरने न विचारता सांगितलं. मला कुणी काही देऊ केलं नाही. ‘तू येशूवर विश्वास ठेवतेस का?’ असं मात्र सरळ विचारलं. मी नाही म्हटलं, तरी पुढच्या बुधवारी रात्रीच्या जेवणाचं बोलावणं आलंच.

हे सगळं परकं आहे असं घरच्यांना वाटतं, आणि तिथेच मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. माझ्या आजीने पंढरपुरात माळ घातली ती कुणाची नात म्हणून घातली नव्हती. महाराजांसमोर शब्द दिला आणि मरेपर्यंत पाळला. गावात माळ घातलेला माणूस दारूच्या गुत्त्याजवळ दिसला तर लोक त्याला थांबवून विचारत. इथे प्रभुभोजनाला द्राक्षारस देतात तोही न आंबवलेला, आणि निवृत्त प्लंबर असलेले एक काका तीस वर्षांपूर्वी सुटलेल्या दारूची साक्ष भर सभेत देतात, तेव्हा मला आमच्या दिंडीतली माणसं आठवतात. स्वतः ठरवून धरलेली वाट आपल्यालाही माहीत आहे. पण पुढे आपण तिचं काय केलं? आज माळ घालणारे थोडे आणि ‘आम्ही जन्मानेच वारकरी’ म्हणणारे फार.

या चर्चची गोष्ट मला सर्वात जास्त पटली ती उपासनेत नव्हे, सभासदांच्या बैठकीत. या चर्चवर बिशप नाही, पोप तर नाहीच. पास्टरला सभासद मत देऊन बोलावतात आणि मत देऊन घरीही पाठवू शकतात. दर तीन महिन्यांनी बैठक असते. मी मागच्या बाकावर पाहुणी म्हणून बसले होते. प्रत्येकाच्या हातात छापलेला जमाखर्च होता: पास्टरचा पगार, विजेचं बिल, परदेशी मिशनरींसाठी नाताळात गोळा झालेली देणगी. या देणगीला लॉटी मून यांचं नाव आहे. जवळजवळ चाळीस वर्षं चीनमध्ये राहून १९१२मध्ये परतीच्या प्रवासात वारलेल्या शिक्षिका. इथली लहान मुलंही त्यांच्या नावाने सुटे पैसे साठवतात. त्या दिवशी वाद छपराचा होता. छप्पर गळत होतं, आणि समितीला मिशनच्या निधीतून उसने पैसे घ्यायचे होते. एक सत्तरीच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, मी ते पैसे छपरासाठी दिलेले नाहीत. पास्टर समोर बसलेले होते, त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. ठराव, अनुमोदन, दुरुस्ती, मतदान असं सगळं झालं, आणि ठराव पडला. गळतीखालच्या बादल्या आणखी काही महिने राहिल्या. सभेच्या नियमांचं जे पुस्तक अमेरिकाभर वापरतात, ते लिहिणाऱ्या हेन्री रॉबर्ट यांना त्याची गरज पहिल्यांदा जाणवली तीही १८६३मध्ये, न्यू बेडफर्डच्या बॅप्टिस्ट चर्चमधली एक सभा चालवताना. सभा त्यांच्या हाताबाहेर गेली होती. पुस्तक १८७६मध्ये आलं.

याच शिस्तीतून यांचं मदतकार्य उभं आहे. १९६७च्या ब्यूला चक्रीवादळानंतर टेक्सासातल्या बॅप्टिस्टांनी ते सुरू केलं. पिवळे शर्ट घातलेले, आधी प्रशिक्षण घेतलेले निवृत्त लोक वादळानंतर मोठाली स्वयंपाकघरं लावतात, घरांतला चिखल काढतात. सांगलीच्या २०१९च्या महापुरात आपल्या माणसांनी जीव ओतून काम केलं, पण रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग कुजत पडले, कारण काय हवं आहे हे विचारायला कुणी नेमलेलंच नव्हतं. मन आपलंही तेवढंच मोठं आहे, म्हणूनच मला राग येतो.

राग इथल्यांचाही येतो. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा या चर्चांचा संघ १८४५मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे जन्मला तो गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावं की नाही या वादातून, आणि दक्षिणेचं उत्तर ‘नेमावं’ असं होतं. ज्या बायबलमधून कृपा वाचली, त्याच बायबलमधून गुलामगिरीही वाचली. माफीचा ठराव झाला १९९५मध्ये, दीडशे वर्षांनी. आणि जी स्वायत्तता मी इतकी वाखाणते, तिच्याआड लपणंही झालं. लैंगिक अत्याचार करणाऱ्या पास्टरांची नोंद ठेवा, असं पीडित वर्षानुवर्षं सांगत होते. प्रत्येक चर्च स्वतंत्र आहे, आम्हाला ते करता येत नाही, असं मुख्यालयातून उत्तर यायचं. तशी यादी त्यांच्याजवळ होती, हे २०२२च्या चौकशी अहवालातून बाहेर आलं. पण ही चौकशी झाली कशामुळे? २०२१मध्ये नॅशव्हिलच्या वार्षिक सभेत गावोगावच्या चर्चमधून आलेल्या साध्या प्रतिनिधींनी, कार्यकारिणीच्या हातून विषय काढून घेत, मतदानाने ती लादली. तो छपराच्या ठरावाला आडव्या येणाऱ्या बाईंचाच बाणा होता.

त्या बाई पास्टर मात्र होऊ शकत नाहीत. कन्व्हेन्शनच्या २०००च्या श्रद्धापत्रात ते पद पुरुषांसाठीच राखलेलं आहे, आणि २०२३मध्ये कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक हे प्रचंड चर्च या एका कारणावरून कन्व्हेन्शनमधून बाहेर काढलं गेलं. आमच्या इथली रविवारची शाळा बायका चालवतात, स्वयंपाकघर आणि हिशेबाच्या वह्या बायका सांभाळतात. मी शेजारच्या आजींना विचारलं, तुम्हाला हे खुपत नाही? त्या म्हणाल्या, पुस्तकात आहे. मला पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांनी १८८९मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, आणि इथल्या बायकांनी स्वतः संस्था काढून चालवाव्यात याचं त्यांना केवढं अप्रूप होतं! केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या रमाबाईंना इथल्या व्यासपीठावर पास्टर म्हणून जागा नसती, हे मला सहन होत नाही. पण हे बोलताना शनिशिंगणापूरचा चौथरा आपण बायकांना २०१६मध्ये उघडला, तोही न्यायालयाने सांगितल्यावर, हेही मी विसरू शकत नाही.

सर्वात कठीण बोलणं आजीवरून झालं. मोठ्यांचा बायबलचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना मी विचारलं, ख्रिस्ताचं नावही न ऐकता, माळ सांभाळत गेलेली माझी आजी कुठे आहे? भला माणूस. शेजाऱ्याच्या आजारपणात महिनाभर त्याचं गवत कापणारा. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मग म्हणाले, ‘न्याय करणारा मी नाही. पण येशूवाचून तारण नाही असं पुस्तक म्हणतं, ते मी तुझ्यासाठी बदलू शकत नाही.’ त्यांचे डोळे भरून आले होते. गोड खोटं बोलले नाहीत याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण ज्या कृपेत माझ्या आजीला जागा नाही ती कृपा मला अपुरी वाटते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. नंतर आम्ही कॉफी प्यायलो.

गेल्या महिन्यात गावाहून चुलत भावाचा फोन आला. ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय, वर्गणी पाठव. मी विचारलं, मागच्या सभामंडपाचा हिशेब झाला का? ‘ताई, देवाच्या पैशाचा हिशेब मागायचा असतो का?’ मागायचा असतो. १९५०च्या कायद्याप्रमाणे देवस्थानच्या ट्रस्टला जमाखर्च धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो. म्हणजे तो कागद आहे, फक्त ज्यांनी पैसे दिले त्यांना दिसत नाही. मी वर्गणी पाठवली आणि सोबत पत्र लिहिलं: चैत्रातल्या यात्रेआधी गाव बोलवा, जमाखर्च मोठ्याने वाचा, आणि कुणी बाई उठून प्रश्न विचारू लागली तर तिला खाली बसवू नका. भावाने पत्र ट्रस्टींना दाखवलंय. अध्यक्षांचं म्हणणं, हे चर्चमधलं खूळ आहे. मी त्यांना आज दुसरं पत्र टाकलंय.