हक्क नाही, तरी वर्गणी

स्वित्झर्लंडमध्ये ३५ लाखांहून जास्त माणसं एका संस्थेची वर्गणी दरवर्षी न चुकता भरतात. देशाची लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास, म्हणजे पाचांतले दोघं वर्गणीदार झाले. वर्गणी माणशी ४० फ्रँकच्या घरात. झुरिकमध्ये दोघांनी साध्या हॉटेलात जेवायचं म्हटलं तरी एवढे सहज जातात. बदल्यात एक कार्ड मिळतं, घरी संस्थेचं नियतकालिक येतं, आणि नियमावलीत लिहिलेलं असतं की वर्गणीदाराच्या सुटकेचा जो खर्च विमा कंपनी देणार नाही, तो संस्था माफ करू शकेल. ‘करू शकेल’ एवढंच. करेलच असं नाही. वर्गणीदाराला कायद्याने कसलाही हक्क पोचत नाही, हेही तिथेच स्पष्ट छापलेलं असतं.

ही संस्था म्हणजे रेगा, स्विस हवाई बचाव सेवा. लाल रंगाची, पांढऱ्या क्रॉसची तिची हेलिकॉप्टरं आल्प्समध्ये हिंडणाऱ्या कुणीही पाहिलेली असतात.

या कथेची सुरुवात बहुतेक जण नोव्हेंबर १९४६ पासून करतात. व्हिएन्नाजवळून पिसाला निघालेलं अमेरिकी लष्कराचं डाकोटा विमान वाट चुकून गाउली हिमनदीवर आदळलं. विमानातले बाराही जण जिवंत राहिले, पण तीन हजार मीटरहून उंच, बर्फात, मोडक्या सांगाड्यात. पाच दिवसांनी व्हिक्टर हूग आणि पिस्ता हिट्झ या दोन स्विस वैमानिकांनी फीजलर श्टॉर्ख जातीची दोन छोटी विमानं, चाकांऐवजी घसरपट्ट्या लावून, थेट हिमनदीवर उतरवली आणि फेऱ्या मारून सगळ्यांना खाली आणलं. तोवर डोंगरातला जखमी म्हणजे माणसांनी खांद्यावरून उतरवायचा, ही रीत होती. आता आकाशातून वाट निघाली.

तरी संस्था उभी राहायला सहा वर्षं लागली. २७ एप्रिल १९५२ रोजी, बील सरोवराकाठच्या ट्वान गावात, बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या जीवरक्षक संघटनेच्या बैठकीत रेगाची स्थापना झाली. पुढाकार डॉ. रुडॉल्फ बूखर यांचा. सुरुवातीला भर छत्रीधारी स्वयंसेवक, शोधकुत्री आणि छोटी विमानं यांच्यावर होता. हेलिकॉप्टर महाग आणि उंचीवर दमणारं. १९६० पासून कारभार फ्रिट्झ ब्यूलर यांच्याकडे आला तेव्हा गाडं पैशापाशी अडलेलं होतं. संघराज्य सरकारकडे अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. तेव्हा १९६६ मध्ये ब्यूलर यांनी थेट लोकांना साद घातली: दरवर्षी थोडी रक्कम द्या, संस्था तुम्हीच चालवा. वर्गणीदारांची पद्धत सुरू झाली ती अशी. सरकारने तेव्हा पैसे दिले असते तर रेगा आज एक सरकारी खातं झाली असती, असं मला राहून राहून वाटतं. आज तिच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा वर्गणी आणि देणग्यांतून येतो.

पण हक्क मिळत नसताना लोक पैसे का भरतात? याचं उत्तर तिथल्या विम्यात आहे. सक्तीचा आरोग्य विमा सुटकेच्या खर्चाचा निम्मा भाग देतो, तोही वर्षाला ५,००० फ्रँकपर्यंत. नोकरदाराला मालकाकडून अपघात विमा असतो, त्याचं निभावतं. गृहिणी, पेन्शनर, विद्यार्थी आणि स्वतःची शेती करणारा डोंगरातला शेतकरी यांच्या अंगावर बाकीचं बिल पडतं. शिवाय जखम झालेलीच नसली तर? दोन गिर्यारोहक कड्यावर अडकले, हातपाय धड आहेत, पण वरही जाता येईना आणि खालीही. आजारच नाही, तर आरोग्य विमा कशाचे पैसे देणार? अशा वेळी वर्गणी कामाला येते.

माझ्या मते हक्क न देण्यातच या पद्धतीचं शहाणपण आहे. विमा म्हटलं की विम्याचा कायदा आला, वयानुसार हप्ता आला, जोखमीचा हिशेब आणि दाव्याची छाननी आली. रेगाची वर्गणी ऐंशी वर्षांच्या आजोबांना आणि दर रविवारी कडे चढणाऱ्या पोराला सारखीच. शब्द पाळण्याची जबाबदारी मात्र रेगाच्या इभ्रतीवर राहते. एकदा जरी लोकांना वाटलं की माफीत हात आखडता घेतला जातोय, तर पुढच्या जानेवारीत वर्गणी आटेल.

मदतीचा नंबर १४१४. फोन झुरिक विमानतळावरच्या नियंत्रण केंद्रात लागतो आणि जवळच्या तळाला निरोप जातो. दिवसा पाचेक मिनिटांत हेलिकॉप्टर हवेत असतं. हवा साथ देत असेल तर वाले प्रांत सोडून देशात कुठेही पंधरा मिनिटांच्या उड्डाणात पोचायचं, असं तळांचं जाळं विणलेलं आहे. आत तिघं: वैमानिक, पॅरामेडिक आणि आणीबाणीच्या उपचारांतला डॉक्टर. पॅरामेडिक नुसता डॉक्टरचा मदतनीस नसतो. उड्डाणात तो वैमानिकाशेजारी बसून नकाशा आणि वायरलेस सांभाळतो, आणि तारा बघतो. आल्प्समध्ये लाकूड आणि गवत उतरवायला दरीच्या या काठावरून त्या काठावर तारा टाकलेल्या असतात. त्या बारीक असतात, उन्हात दिसत नाहीत, आणि वैमानिकांना वाऱ्यापेक्षा त्यांची धास्ती जास्त.

खाली उभ्या माणसानेही एक गोष्ट शिकून ठेवायची असते. दोन्ही हात वर, तिरपे ताणलेले: ‘हो, मदत हवी.’ एक हात वर आणि दुसरा खाली, एका तिरप्या रेषेत: ‘नको.’ उत्साहाने एकच हात हलवून हेलिकॉप्टरला टाटा करणारा पर्यटक पथकाला कोड्यात टाकतो.

उतरायला जागा नसेल तर विंच. पॅरामेडिक मागच्या दाराशी येतो, पोलादी दोर सोडतो आणि वैमानिकाला मीटर-मीटर सांगत राहतो, कारण खालचं वैमानिकाला धड दिसत नसतं. डॉक्टर दोरावर लटकून जखमीपाशी पोचतो. कडा पुढे झुकलेला असेल आणि विंचचा दोर पुरत नसेल, तर हेलिकॉप्टरखाली दोनशे मीटरचा लांब दोर बांधतात आणि त्याच्या टोकाला स्विस आल्पाइन क्लबचा तरबेज माणूस. आयगरच्या उत्तर कड्यावरून हेलिकॉप्टरने थेट उचलून पहिली सुटका झाली ती १९७१ मध्ये. त्याआधी तिथे अडकलेल्याची आशा बहुतेक सुटलेलीच असे.

आणि गाई. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरच्या कुरणांत चरायला नेलेली गाय घसरून पाय मोडून घेते, तिथे गाडी पोचत नाही. वर्गणीदार शेतकऱ्याने कळवलं की रेगा स्वतः किंवा दुसऱ्या कंपनीमार्फत हेलिकॉप्टरची सोय करते. गाय जाळ्यात बसवून, चारही पाय लोंबकळत, दरीवरून खाली येते. मेलेली जनावरंही उतरवतात, नाहीतर झऱ्यांचं पाणी नासतं. ही हौस वाटेल, पण डोंगरातली शेतकरी कुटुंबं या संस्थेला आपली का मानतात याचं अर्धं उत्तर त्या जाळ्यात आहे.

दुसरी बाजू धुक्याची. रेगाने उपग्रहांच्या आधारे कमी उंचीवरच्या हवाई वाटा आखल्या आहेत, त्यांवरून ढगातूनही इस्पितळ गाठता येतं. तरी दरवर्षी शेकडो रुग्णांपर्यंत हवेमुळे पोचता येत नाही. मग आल्पाइन क्लबची माणसं पायी निघतात. आपल्या सह्याद्रीत लोणावळा-खोपोलीचे स्वयंसेवक जे काम रात्री-अपरात्री, भर पावसात स्ट्रेचर खांद्यावर घेऊन करतात, तेच हे. तिथे हेलिकॉप्टर असूनही ती माणसं लागतात, हे आपल्याकडे यंत्राच्या घोषणा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

परदेशात आजारी पडलेल्यांना घरी आणण्यासाठी रेगाकडे २०१८ पासून चॅलेंजर ६५० जातीची तीन जेट विमानं आहेत, म्हणजे उडते अतिदक्षता विभागच. २००४ च्या त्सुनामीनंतर तिच्या त्या वेळच्या विमानांनी आग्नेय आशियातून जखमींना मायदेशी आणलं होतं.

मॅटरहॉर्नच्या वाले प्रांतात मात्र वेगळा कारभार. तिथे एअर झर्माट आणि एअर ग्लेशिए या कंपन्या उडतात, त्यांची सदस्य-कार्डं वेगळी.

युंगफ्राउ किंवा टिटलिसला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला या साऱ्यातलं एवढं पुरे: डोंगरावर कार्ड कुणी विचारत नाही, आधी उचलतात. बिल मागून येतं, आणि ते काही हजार फ्रँकांचं असू शकतं. तेव्हा प्रवास विमा काढताना बर्फावरच्या खेळांचं आणि हेलिकॉप्टरने सुटकेचं कलम एजंटला विचारून न थांबता स्वतः वाचावं, आणि १४१४ फोनमध्ये घालून ठेवावा.