उसावरील खोडकीड आणि ट्रायकोग्रामा

सुरू उसाचे कोंब वाढीस लागले, म्हणजे काही कोंबांचा मधला पोंगा पिवळा पडून वाळलेला आढळतो. तो ओढला असता सहज उपटून येतो व त्याच्या बुडाशी कुजकट घाण येते. ही खोडकिडीची खूण होय. पोंगेमर दिसताच पुष्कळ शेतकरी ट्रायकोकार्डे आणावयास धावतात आणि आठ दिवसांनी पोंगे वाळतच आहेत असे पाहून कार्डांना बोल लावतात. हा दोष कार्डांचा नव्हे. ट्रायकोग्रामा अळीला शिवतही नाही. त्याचे सारे काम अंड्यापुरते आहे.

खोडकिडीची मादी पतंग उसाच्या पानाच्या खालच्या बाजूस चपटी अंडी ओळीने घालते. ती माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर चढलेली असतात. चार ते सहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात व थोड्याच काळात कोंबाच्या बुडाशी शिरतात. अळी एकदा आत गेली की तिच्यापर्यंत औषध पोहोचणे कठीण. मेलेल्या कोंबाशेजारी नवे फुटवे येतात खरे. परंतु उशिराचे फुटवे तोडणीच्या वेळी कोवळे राहतात. म्हणून अंड्याच्या या चार-सहा दिवसांना मोल आहे.

ट्रायकोग्रामा हा गांधीलमाशीच्या वर्गातील कीटक, पण लांबीने एक मिलिमीटरही भरत नाही व माणसास डंख करीत नाही. त्याची मादी पतंगाच्या अंड्यास सुईसारख्या नळीने छिद्र पाडून आपले अंडे आत ठेवते. आतील अळी पतंगाचे अंडे खाऊन वाढते. तीन-चार दिवसांत ते अंडे काळे पडते आणि सुमारे आठवड्याने त्यातून पतंगाची अळी न निघता ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो.

ट्रायकोग्रामा मोठ्या संख्येने वाढविण्याची रीत कॅलिफोर्नियात स्टॅन्ले फ्लॅंडर्स यांनी १९२० नंतरच्या दशकात धान्यातील पतंगाच्या अंड्यांवर बसविली. आपल्याकडे त्यासाठी कॉर्सिरा हा साठवणीच्या धान्यातील पतंग भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर पोसतात. त्याची अंडी अतिनील किरणांखाली ठेवून निर्जीव करतात, कागदी कार्डावर चिकटवितात आणि ट्रायकोग्रामाच्या स्वाधीन करतात.

उसासाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस ही जात वापरावी. पोंगेमरीची वाट न पाहता, लागणीस महिना होताच पानांच्या खालची बाजू तपासावयास लागावे. अंडी किंवा पतंग दिसताच हेक्टरी ५०,००० परोपजीवी सोडावेत व दर दहा दिवसांनी पुन्हा सोडावेत. एकदाच कार्डे लावून थांबणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय, कारण पतंगांचे अंडी घालणे एका दिवसात संपत नाही. कार्डावरील अंड्यांची संख्या विचारून घ्यावी व त्यावरून कार्डांचा हिशेब करावा.

कार्ड आणताना त्यावरील तारीख पाहावी. अंडी काळी असावीत, पण त्यांना भोके पडलेली नसावीत; भोके पडली असल्यास पाखरे वाटेतच उडून गेली असे समजावे. कार्डाच्या पट्ट्या कापून शेतभर सारख्या अंतराने पानाच्या खालच्या बाजूस टाचाव्यात. हे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावे. भर उन्हात मोटारसायकलच्या डिकीत तासन्‌तास राहिलेले कार्ड बहुधा मेलेलेच असते. बाहेर पडण्यास फार अवकाश असलेली अंडी मुंग्या खाऊन टाकतात, म्हणून पाखरे निघण्याच्या बेतास आली म्हणजेच पट्ट्या लावाव्यात. पट्ट्या लावण्यापूर्वी व नंतर दहा दिवस कीटकनाशकाची फवारणी करू नये. शेजारच्या शेतात फवारणी व्हावयाची असेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोघांची गाठ घालून दिवस ठरवून द्यावा.

अळी शिरलेले कोंब ट्रायकोग्रामा वाचवू शकत नाही. ते बुडापासून काढून नष्ट करावेत, पाचटाचे आच्छादन करावे व दीड महिन्यांच्या सुमारास बाळबांधणी उरकावी.

काम झाले की नाही हे पाहण्यास अंडी असलेली काही पाने तोडून काचेच्या बाटलीत ठेवावीत व तोंडाला बारीक कापड बांधावे. अंडे सबंध काळे झाले तर ते ट्रायकोग्रामाचे. नुसता एक काळा ठिपका दिसला तर तो आतील अळीच्या डोक्याचा असतो, आणि ती दुसऱ्या दिवशी बाहेर येते.