बाबांची शंभर सीसी: गाडी सुरू होत नाही तेव्हा नेमकं काय बघायचं?

गेल्या रविवारच्या भागाचं हे लेखी रूप. बऱ्याच जणांनी कळवलं होतं की पाने-जेट-फ्लोट हे सगळं एकदा वाचायलाही मिळू दे, म्हणजे गाडीशेजारी बसून फोनवर बघता येईल. म्हणून बोललेलंच थोडं नीट करून लिहिलंय. आणि हो, कानात इअरफोन घालून गाडी चालवत हे ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. मी कुठेही पळून जात नाही.

तर गोष्ट अशी. मी वर्ध्यात घरून काम करतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या अंगणात बाबांची २००९ ची शंभर सीसीची गाडी तीन पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. बाबांनी तिच्यावर देवळी, सेलू, आर्वी, पुलगाव सगळं पालथं घातलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी ती चालवणं सोडलं, मी स्कूटर घेतली आणि ती तशीच राहिली.

२०२४ मध्ये तिला १५ वर्षं होत होती. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढे चालवायची तर आरटीओत फॉर्म २५ भरायचा, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवं, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी तपासणीला न्यायची. पास झाली की आणखी पाच वर्षं. आमच्याकडे दीड महिना उरला होता आणि गाडी सुरूच होत नव्हती.

बाबा म्हणाले, "भंगारवाल्याले देऊन टाक. कायले जागा अडवून ठेवतं?" म्हणाले खरं, पण भंगारवाला फाटकाशी आला तेव्हा ते घरात निघून गेले. मी त्याला परत पाठवलं.

तीन प्रश्न, एवढंच

पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. यातलं एक जरी नसलं तर कितीही किका मारा, फक्त पाय दुखतो.

दाब सगळ्यात सोपा. किक हाताने हळू दाबा. मध्येच एका जागी ती अडते, जोर मागते. ती अडली म्हणजे दाब आहे. भसकन खाली गेली तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हकडे बघावं लागतं, आणि ते मिस्त्रीचं काम. आमची अडली.

मग ठिणगी. प्लग पान्याने प्लग काढा, कॅप परत लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि इग्निशन चालू करून किक मारा. सावलीत निळसर ठिणगी दिसली पाहिजे. प्लगच्या भोकापासून लांब धरा आणि आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल नको, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी होती.

प्लग हातात आहेच तर त्याचा रंगही बघून घ्या. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. अशा वेळी एअर फिल्टर बघा. पांढुरकं टोक म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन जास्त तापतंय. ओला प्लग म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाहीये. आमचा प्लग खडखडीत कोरडा होता. दहा-बारा किका मारूनही पेट्रोलचा वास नाही. म्हणजे गाडी टाकी आणि सिलिंडर यांच्या मध्ये कुठेतरी अडली होती. आणि मध्ये असतो कार्बोरेटर.

कार्बोरेटर करतो तरी काय?

त्याच्यात इलेक्ट्रॉनिक्स काही नाही. एक नळी, मध्ये निमुळती. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. निमुळत्या जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. या भोकांच्या पितळी तुकड्यांना जेट म्हणतात. पायलट जेट गाडी उभ्या जागी चालू असताना कामाचं, मेन जेट वेगात. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. हे गणित ते पितळी भोक सांभाळतं.

वाटीतलं पेट्रोल एका पातळीवर ठेवायला फ्लोट असतो. घराच्या पाण्याच्या टाकीत चेंडू असतो ना, तसाच. पातळी वाढली की फ्लोट वर जातो आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते.

मी टाकीचा कॉक बंद केला, कार्बोरेटर उतरवला, वाटी उघडली. आत तळाला डिंकासारखा तपकिरी थर. पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की उडून जातं आणि हा थर मागे राहतो. त्याने सुई चिकटली होती, त्यामुळे वाटीत पेट्रोल येतच नव्हतं. जुनं पेट्रोल काढलं, सगळं क्लिनरने धुतलं, नवीन पेट्रोल टाकलं. चोक ओढला, चौथ्या किकला गाडी सुरू!

आणि चोक बंद करताच बंद.

चोक ही हवेच्या तोंडावरची एक झडप. ती लावली की हवा कमी, खेच जास्त, म्हणून पेट्रोल जास्त येतं. चोकवर चालते आणि चोकशिवाय मरते, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: पायलट जेट बंद आहे.

इथे मी शहाणपणा केला. जेट काढलं, उजेडात धरलं, आरपार दिसेना. सेफ्टी पिन घेतली आणि खुपसली. आता उजेड दिसला, मी खूश. गाडी सुरू झाली, उभ्या जागी चालूही राहिली, पण सायलेन्सरमधून काळा धूर. शेवटी जेट घेऊन गॅरेजला गेलो. मिस्त्री भाऊंनी ते डोळ्याला लावून बघितलं. "काय केलं बे हे? पिन खुपसली? भोक मोठं झालं ना आता. पेट्रोल जास्त पिईन." पितळ मऊ असतं आणि भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. ते क्लिनरने आणि हवेने साफ करायचं, तारेने कधीच नाही. नवीन जेट शंभर रुपयांच्या आत आलं. सोबत एक वाक्य फुकट मिळालं: "आधी कान लाव, मंग पाना लाव."

रोजचा आनंद

काम संपवून रोज संध्याकाळी अर्धा तास मी गाडीशी बसायचो. दिवसभर मी जो कोड लिहितो तो कुठल्या सर्व्हरवर चालतो, मला दिसतही नाही. इथे चेनचा ताण बोटाने बघता येतो: मधोमध वर-खाली अडीच-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. जास्त सैल असेल तर उतरते, जास्त कसली तर स्प्रॉकेट आणि बेअरिंग खाते. ऑइल काढलं की ते किती काळं झालंय ते दिसतं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. ती मी काडीने खरवडून काढली, तेव्हा आत तीन वर्षांपूर्वीची माती सापडली. ती बहुतेक बाबांच्या शेवटच्या फेरीची असावी.

एक हिशेबही केला. अशा इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ५० मिमी, पिस्टनची धाव ४९.५ मिमी, गुणाकार केला की ९७.२ घन सेंटीमीटर. पाण्याचा अर्धा ग्लास म्हणा. मिनिटाला ४००० फेरे धरले, तर चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे मिनिटाला २०००. बारा मिनिटांत पवनार गाठलं, तर २४,००० वेळा ठिणगी अचूक वेळेवर पडते.

१ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस-६ च्याच विकल्या जातात आणि बहुतेकांमध्ये कार्बोरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. त्यात सेन्सर मोजतात, छोटा कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. धूर कमी, थंडीत चोकची कटकट नाही. चांगलंच आहे, आणि पिन खुपसायला जागाही नाही! पण चेन, ब्रेक, हवा, ऑइल अजूनही आपल्याच हातात आहे.

आणि वर्धेकरांनो, दुचाकीशी आपलं नातं जुनं आहे. जमनालाल बजाज ज्यांच्या घरी दत्तक आले ते शेठ बच्छराज वर्ध्याचे. १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाने सुरू झालेली कंपनीच पुढे बजाज ऑटो झाली.

पवनार

आरटीओत गाडी पास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बाबांना म्हटलं, "चला, धाम नदीवर जाऊन येऊ." ते आधी नाही म्हणाले, मग दुपट्टा बांधून, हेल्मेट घालून मागे बसले. स्वतःच्याच गाडीवर मागे बसण्याची त्यांची पहिलीच वेळ. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.

दोन्हीकडे पऱ्हाटी, थंड हवा, रस्ता मोकळा. मी चाळीसच्या वर गेलो नाही. विनोबांच्या आश्रमाखाली नदीकाठी गाडी लावली. बाबा पाण्याकडे बघत बराच वेळ बसले. परत येताना तर्री पोहे खाल्ले, आईसाठी गोरस पाक घेतला.

घराच्या वळणावर मागून खांद्यावर हात पडला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, छान चालवली वगैरे.

"टॅपेट वाजून राहिले," बाबा म्हणाले. "आयकू येत नाही का तुले?"

तर मंडळी, पुढच्या भागाचा विषय ठरला: टॅपेट. इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेज घेऊन. यावेळी शेजारी बाबा बसणार आहेत. तुमच्या घरी अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली असेल, तर तोवर तिचा प्लग काढून रंग बघा आणि मला कळवा.