संस्था काढणारे आणि संस्था टिकवणारे : हार्लेमच्या नृत्यशाळेची कहाणी

न्यूयॉर्कमधील हार्लेमचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्या विद्यापीठाला लागूनच ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील साहित्यावर आणि चळवळींवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती तर अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. परंतु तेथील कलावंतांच्या संस्था कोणी चालवल्या, पैसा कोठून आला, आणि संस्थापक बाजूला झाल्यावर त्या संस्थांचे काय झाले, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. आम्ही पेशाने कारकून. नृत्यापेक्षा ताळेबंद आम्हाला अधिक कळतो. म्हणून त्याच अंगाने हा विषय मांडत आहोत.

दोनशे डॉलरचा वाद

आरंभ एका थोर माणसापासून करू. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस हे कृष्णवर्णीयांचे अग्रगण्य विचारवंत. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, आणि ड्युबॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले होते. याच ड्युबॉइस यांनी १९२६ च्या सुमारास हार्लेममधील सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात ‘क्रिग्वा प्लेयर्स’ ही नाटक मंडळी चालवली. नाटकाचा विषय, लेखक, प्रेक्षक आणि जागा ही चारही आपल्याच समाजाची असावीत, असा त्यांचा आग्रह होता. विचार किती स्वच्छ होता पाहा!

१९२७ मध्ये या मंडळीने युलाली स्पेन्स या लेखिकेची एकांकिका स्पर्धेत उतरवली आणि तिला २०० डॉलरचे बक्षीस मिळाले. ड्युबॉइस यांनी ती रक्कम प्रयोगाच्या खर्चापोटी वळती करून घेतली. लेखिकेच्या आणि नटांच्या हाती काही पडले नाही. मंडळीत नाराजी झाली आणि थोड्याच दिवसांत ती मोडली. ड्युबॉइस यांनी स्वतःसाठी पैसा घेतला नव्हता, खर्च खराच झाला होता. पण ज्यांच्या घामाने बक्षीस मिळाले, त्यांना विश्वासात घेऊन हिशेब झाला नाही. विचार मोठा असून भागत नाही, वहीही उघडी असावी लागते, हा धडा हार्लेमने तेव्हाच पाहिला.

गॅरेजचे उघडे दार

आता मुख्य कहाणीकडे वळू. आर्थर मिशेल यांचा जन्म १९३४ सालचा, हार्लेममधला. वडील तुरुंगात गेले तेव्हा आर्थर अवघे १२ वर्षांचे होते. बूट पॉलिश करणे, वर्तमानपत्रे टाकणे अशी कामे करून त्यांनी घराला हातभार लावला. पुढे शिष्यवृत्तीवर ते बॅले शिकले आणि १९५५ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेत दाखल झाले. बॅले म्हणजे तेव्हा गोऱ्यांचीच मिरास. काळ्यांचे शरीरच या नृत्याला योग्य नाही, असे उघड सांगितले जाई. १९५७ मध्ये ‘अ‍ॅगॉन’ या नृत्यात मिशेल एका गोऱ्या नर्तिकेसोबत नाचले तेव्हा केवढी खळबळ उडाली! अमेरिकेच्या व्यापारी दूरदर्शनवर ते नृत्य १९६८ पर्यंत दाखवले गेले नाही.

४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिशेल त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होते. त्यांना परदेशी संस्थांची कामे होती, बाहेर मान होता. तरी त्यांनी ठरवले की आता आपल्या वस्तीत जायचे. आपले गोरे गुरू कारेल शूक यांना सोबत घेऊन त्यांनी १९६९ साली ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ ही संस्था काढली. पदरचे २५ हजार डॉलर घातले. सुरुवातीला ३० मुले होती. वर्ग एका गॅरेजमध्ये भरू लागला. उन्हाळ्यात उकाडा फार, म्हणून गॅरेजचे दार उघडे ठेवत. रस्त्याने जाणारी मुले थांबून पाहत, आणि पाहता पाहता आत येत. मुलांना नाचाचे तंग कपडे घालायची लाज वाटे, तर त्यांना अर्ध्या कापलेल्या जीन्समध्ये नाचायला मुभा दिली, साथीला ढोल ठेवले. काही महिन्यांतच संख्या ४०० वर गेली.

बॅलेतील गुलाबी मोजे आणि गुलाबी बूट हे गोऱ्या कातडीच्या रंगाचे असतात. कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत एक सलग रेघ दिसावी, हा त्यांचा हेतू. सावळ्या मुलीने ते घातले की तिची रेघ तुटते. १९७० च्या दशकात मिशेल यांच्या मंडळीने प्रत्येक नर्तिकेच्या वर्णानुसार मोजे आणि बूट रंगवायला सुरुवात केली. गोष्ट लहान वाटेल, परंतु “तुझा रंग दोष नाही, मोज्याचा रंग चुकला आहे,” असे मुलीला सांगणारे हे नेतृत्व होते. मंडळीने १९८८ साली सोव्हिएत रशियाचा आणि १९९२ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला.

टाळ्या भरपूर, गल्ला रिकामा

आता ताळेबंदाकडे येऊ. नाट्यगृहातील खुर्च्या ठरलेल्या असतात, तिकिटाचे दरही एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाहीत. उलट पगार, प्रवास, वादक, पोशाख हा खर्च दर वर्षी वाढतो. त्यामुळे अशी संस्था तिकिटांवर जगत नाही, तिला देणगी लागतेच. गोऱ्यांच्या जुन्या संस्थांमागे पिढीजात श्रीमंत घराणी उभी असतात. हार्लेममध्ये ती कोठून आणायची? देणगीदाराचे मन बदलले की वर्षाचे अंदाजपत्रक कोसळते.

१९९० साली तुटीपायी मंडळीला काही काळ काम थांबवावे लागले. १९९७ मध्ये वेतन आणि कामाच्या अटींवरून नर्तकांनी संप केला. २००४ साली कर्ज सुमारे २३ लाख डॉलरवर गेले आणि मंडळीचे प्रयोग बंद पडले. शाळा तेवढी जगवली गेली. नाचणारी माणसे पांगली. त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे गेली. नर्तकाचे आयुष्य किती? पस्तिशी-चाळिशीपर्यंत. प्रयोग आठ वर्षे बंद राहिले, म्हणजे एक अख्खी पिढी रंगमंचाला मुकली.

एकट्या मिशेल यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण कलादिग्दर्शक तेच, देणगी मागणारे तेच, शिस्त लावणारेही तेच, असा कारभार एका माणसाच्या ताकदीवर किती वर्षे चालणार, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. असेच हाल इतरांचेही झाले. न्यू जर्सीतील ‘क्रॉसरोड्स’ या कृष्णवर्णीय नाट्यसंस्थेला १९९९ साली टोनी हा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि दुसऱ्याच वर्षी कर्जामुळे तिला पडदा पाडावा लागला. पुढे ती सावरली. परंतु सन्मानचिन्हाने वीजबिल भरता येत नाही, हे तेथे दिसून आले.

शिष्या संचालक होते

हार्लेमची कहाणी येथेच संपली असती तर आम्ही ती लिहिली नसती. संस्थेच्या आरंभापासूनच्या नर्तिका व्हर्जिनिया जॉन्सन निवृत्तीनंतर बॅलेविषयक मासिकाच्या संपादक झाल्या होत्या. मिशेल यांनी स्वतः त्यांना बोलावून धुरा दिली. जॉन्सनबाईंनी घाई केली नाही. आधी शाळा बळकट केली, तरुणांची लहान तुकडी घडवली, आणि २०१२ मध्ये पूर्वीच्या ४४ ऐवजी फक्त १८ नर्तकांनिशी मंडळी पुन्हा उभी केली. अंथरूण पाहून पाय पसरणे यालाच म्हणतात! २०१८ मध्ये मिशेल यांनी आपले जुने नृत्य याच मंडळीकडून पुन्हा बसवून घेतले. संचालकाच्या खुर्चीत शिष्या, आणि तालमीत गुरू. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. २०२१ मध्ये संस्थेला एक कोटी डॉलरची देणगी मिळाली, आणि २०२३ साली जॉन्सनबाईंनी रॉबर्ट गार्लंड या याच मंडळीत वाढलेल्या नृत्यदिग्दर्शकाकडे सूत्रे सोपवली.

आल्विन एली यांच्या नृत्यसंस्थेचा दाखलाही पाहण्याजोगा आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेची सूत्रे १९८९ मध्ये, आजारी एलींच्या इच्छेने, ज्युडिथ जेमिसन यांच्याकडे आली. त्यांनी विस्कटलेली आर्थिक घडी बसवली, संस्थेला न्यूयॉर्कमध्ये स्वतःची इमारत मिळवून दिली, आणि २०११ मध्ये हिंडत्याफिरत्या असतानाच वारस नेमून पद सोडले. २०२५ पासून तेथे अ‍ॅलिशिया ग्राफ मॅक या संचालक आहेत. त्या मूळच्या हार्लेमच्या मंडळीतल्या. दुखापतीने नाच थांबला तेव्हा त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतली. मंडळी बंद पडली तेव्हा रस्त्यावर आलेल्यांपैकी त्याही एक होत्या!

हार्लेममधीलच ‘नॅशनल ब्लॅक थिएटर’च्या बार्बरा अ‍ॅन टीअर यांनी १९८३ मध्ये वस्तीच्या मध्यभागी इमारतच विकत घेतली. छप्पर स्वतःचे असले की घरमालक बाहेर काढू शकत नाही, हे त्यांनी ओळखले. २००८ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या मुलीने संस्था पुढे चालवली.

आपल्यासाठी

आपल्याकडे भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे घेऊन गावे पालथी घातली. पुढे दलित रंगभूमी उभी राहिली. कलावंत आपल्यात कमी नव्हते आणि नाहीत. किती कलापथके मुख्य शाहिराबरोबरच संपली, हे मात्र प्रत्येक वस्तीतील जुन्या माणसांना ठाऊक आहे. ढोलकी माळ्यावर जाते, गाणी कोणाकडे लिहिलेली नसतात, आणि शिल्लक किती होती हे खजिनदारालाही सांगता येत नाही.

आम्ही नाचू शकत नाही, गाऊही शकत नाही. पण वही लिहू शकतो. ज्यांना आमच्यासारखे एवढेच येते, त्यांनी आपल्या वस्तीतील एखाद्या कलापथकाची वही लिहून द्यावी. वर्गणीची पावती फाडावी, गाणी उतरवून ठेवावीत, वर्षातून एकदा सर्वांसमोर हिशेब वाचावा. आणि शाहिरांना नम्रपणे विचारावे, “दादा, तुमच्यामागे फड कोण सांभाळणार? त्याला आतापासून शेजारी बसवा.” हार्लेमला हे समजायला आठ वर्षांची किंमत मोजावी लागली. आपण ती मोजलीच पाहिजे असे नाही.