इस्तंबूलची ती रात्र पाठीराखे का विसरत नाहीत?

फुटबॉलमध्ये लीगचे विजेतेपद हे वर्षभराच्या सातत्याचे फळ असते, तर चषकाच्या अंतिम सामन्याचा निकाल एका संध्याकाळी लागतो. त्यामुळेच लीगचे विजेते आठवण्यासाठी अनेकांना जुने गुणतक्ते चाळावे लागतात, पण एखादा अंतिम सामना मात्र वीस वर्षांनंतरही मिनिटांनिशी तोंडपाठ असतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल क्लबच्या पाठीराख्यांसाठी २५ मे २००५ ची रात्र अशीच आहे. त्या रात्रीविषयी बोलताना त्यांना सामना, स्पर्धा वा प्रतिस्पर्धी यांपैकी काहीही सांगावे लागत नाही; 'इस्तंबूल' एवढा एकच शब्द पुरतो.

वरवर पाहता याचे कारण उघड आहे. तीन गोलांनी पिछाडीवर पडलेल्या संघाने चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना जिंकला, तर तो कोण विसरेल? परंतु पाठीराख्यांच्या आठवणी थोड्या बारकाईने ऐकल्या, तर त्यांत गोलांइतकेच, किंबहुना अधिकच, महत्त्व आहे ते मध्यंतराच्या पंधरा मिनिटांना. या आठवणीचे मर्म तेथेच दडले आहे.

सामान्य संघ, असामान्य वाटचाल

त्या हंगामातील लिव्हरपूल हा काही दरारा वाटावा असा संघ नव्हता. राफेल बेनिटेझ या स्पॅनिश प्रशिक्षकाचे ते पहिलेच वर्ष होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये संघ पाचव्या स्थानावर राहिला. विजेत्या चेल्सीचे ९५ गुण झाले आणि लिव्हरपूलचे अवघे ५८. शेजारचा परंपरागत प्रतिस्पर्धी एव्हर्टनही त्याच्या पुढे होता.

युरोपातील वाटचालही धापा टाकतच झाली. डिसेंबर २००४ मध्ये ऑलिम्पियाकोसविरुद्ध बाद होण्याची वेळ आली असताना कर्णधार स्टिव्हन जेरार्डने ८६ व्या मिनिटाला मारलेल्या दूरच्या फटक्याने संघाला तारले. उपान्त्य फेरीत चेल्सीला नमवणारा लुईस गार्सियाचा एकमेव गोल रेषेपलीकडे गेला होता की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही.

अंतिम फेरीत समोर होता इटलीचा एसी मिलान. पाओलो मालदिनी, काफू, नेस्टा, पिर्लो, काका, क्रेस्पो आणि २००४ चा युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला आंद्रे शेवचेन्को! कागदावर सामना एकतर्फीच होता.

पंचेचाळीस मिनिटांची वाताहत

मैदानावरही पूर्वार्धात तसेच घडले. पहिल्याच मिनिटात पिर्लोच्या फ्री किकवर मालदिनीने गोल केला. त्यानंतर ३९ व्या आणि ४४ व्या मिनिटाला हर्नान क्रेस्पोने दोन गोल झळकावले. तिसऱ्या गोलासाठी काकाने मध्यफळीतून दिलेला पास बचावफळीला उभा चिरत गेला.

यामागे एक डावपेचात्मक चूक होती. बेनिटेझ यांनी दिएत्मार हमान या बचावात्मक मध्यरक्षकाला बाहेर बसवून हॅरी क्युएलला खेळवले होते. त्यामुळे मध्यफळी आणि बचावफळी यांच्यामधली जागा मोकळी राहिली आणि काकाने तेथेच ठाण मांडले. क्युएल स्वतः जखमी होऊन २३ व्या मिनिटालाच बाहेर गेला आणि त्याच्या जागी व्लादिमीर स्मिसर आला. मध्यंतराला गुणफलक होता मिलान ३, लिव्हरपूल ०.

भारतात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. इस्तंबूलच्या स्थानिक वेळेनुसार रात्री पावणेदहाला सुरू झालेला हा सामना आपल्याकडे २६ मे उजाडल्यावर, म्हणजे रात्री सव्वाबाराला सुरू झाला होता. सकाळी कामावर जाणाऱ्याने अशा वेळी टीव्ही बंद केला असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? निकाल लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजत आले होते. वृत्तपत्रांच्या शहर आवृत्त्यांची छपाई त्या सुमारास उरकत आलेली असते. मध्यंतराला टीव्ही बंद करणारे आणि जागत राहिलेले अशी चाहत्यांची जी दोन गटांत विभागणी त्या रात्री झाली, तिच्यावरून आजही थट्टा चालते.

गाण्याची पंधरा मिनिटे

अतातुर्क ऑलिम्पिक स्टेडियम हे इस्तंबूलच्या पश्चिम टोकाला, वस्तीपासून दूर, उजाड माळावर उभे आहे. तेथवर पोहोचण्यासाठी हजारो पाठीराख्यांनी वाहतूककोंडीत अडकलेल्या बसेस सोडून दिल्या आणि ते पायी निघाले. एवढा खटाटोप करून आलेला हा जनसमुदाय मध्यंतराला हताश बसला होता. मग कुठूनतरी 'यू विल नेव्हर वॉक अलोन'चे सूर उमटले आणि हळूहळू सारी बाजू गाऊ लागली. १९४५ च्या 'कॅरोझेल' या अमेरिकी संगीतिकेतील हे गीत १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच एका वाद्यवृंदाने गायले आणि तेव्हापासून ते क्लबचे जणू ब्रीदगीत झाले आहे.

ते गाणे विजयाच्या खात्रीने गायले गेले नव्हते. निदान चौथा, पाचवा गोल तरी होऊ नये, लाज राखली जावी, एवढीच बहुतेकांची अपेक्षा होती. मात्र ते सूर ड्रेसिंग रूमपर्यंत पोहोचल्याचे संघातील अनेकांनी पुढे सांगितले.

आत बेनिटेझ फळ्यावर नवी रचना मांडत होते. बचावफळीत तीनच खेळाडू ठेवून हमानला मध्यभागी आणायचे आणि जेरार्डला पुढे सोडायचे, असा बेत होता. त्यासाठी जिमी ट्राओरेला बाहेर काढण्याचे ठरले होते. पण स्टीव्ह फिनन जखमी असल्याचे कळताच तो बाहेर गेला आणि ट्राओरे आत राहिला. पहिल्या गोलाला कारणीभूत ठरलेली फ्री किक याच ट्राओरेच्या हातून घडलेल्या चुकीमुळे मिलानला मिळाली होती. उत्तरार्धात शेवचेन्कोचा फटका गोलरेषेवरून परतवणाराही तोच!

सहा मिनिटे आणि नंतरचा तास

पुढचे सर्वज्ञात आहे. ५४ व्या मिनिटाला रिसेच्या क्रॉसवर जेरार्डचा हेडर. ५६ व्या मिनिटाला स्मिसरचा दुरून मारलेला फटका. त्यानंतर गोलक्षेत्रात गट्टुसोने जेरार्डला पाडले आणि पेनल्टी मिळाली. झाबी अलोन्सोचा फटका गोलरक्षक दिदाने अडवला. पण परत आलेला चेंडू अलोन्सोनेच ६० व्या मिनिटाला जाळीत मारला. सहा मिनिटांत ३-३.

येथे पाठीराख्यांच्या आठवणीची एक गंमत दिसते. 'सहा मिनिटांत सामना जिंकला' असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात बरोबरीनंतर आणखी जवळजवळ तासभर खेळ झाला आणि त्यातील बराच काळ लिव्हरपूल केवळ तग धरून होते. जादा वेळेत तर कर्णधार जेरार्डला उजव्या बगलेवर बचाव करावा लागला. जेमी कॅरागर पायात गोळे येऊनही चेंडूपुढे झोकून देत होता. ११७ व्या मिनिटाला गोलरक्षक येर्झी डुडेकने शेवचेन्कोचा हेडर अडवला आणि परत आलेल्या चेंडूवर त्याने अगदी जवळून मारलेला फटकाही हात उंचावून बाहेर घालवला.

शूटआउटमध्ये डुडेकने गोलरेषेवर हातपाय नाचवून मिलानच्या खेळाडूंना विचलित केले. १९८४ च्या रोममधील अंतिम सामन्यात ब्रूस ग्रोबेलारने केलेल्या अशाच चाळ्यांची आठवण त्याला कॅरागरने करून दिली होती. सर्जिन्होचा फटका बारवरून गेला. पिर्लो आणि शेवटी शेवचेन्को यांचे फटके डुडेकने अडवले. २००३ च्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारून मिलानला चषक मिळवून देणारा शेवचेन्कोच या वेळी चुकला. लिव्हरपूलने शूटआउट ३-२ असे जिंकले. पाचव्यांदा विजेतेपद मिळाल्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार तो चषक कायमचा क्लबकडे आला.

स्मरणशक्तीचा खेळ

अशा आठवणी इतक्या ठळक का असतात, याचा अभ्यास मानसशास्त्रात झालेला आहे. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या अमेरिकी अभ्यासकांनी १९७७ मध्ये 'फ्लॅशबल्ब मेमरी' ही संज्ञा मांडली. धक्कादायक बातमी कळली त्या क्षणी आपण कुठे होतो, कोणासोबत होतो, हे छायाचित्रासारखे मनावर कोरले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील संशोधनाने त्याला मुरड घातली. १९८६ च्या 'चॅलेंजर' अवकाशयानाच्या अपघातानंतर लगेच आणि पुन्हा काही वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले असता अनेकांची उत्तरे बदललेली आढळली. आपली आठवण अचूक असल्याचा विश्वास मात्र कायम होता.

चाहत्यांच्या बाबतीतला एक निष्कर्ष अधिक बोलका आहे. अमेरिकेतील बेसबॉलच्या दोन निर्णायक सामन्यांविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपला संघ जिंकलेला सामना चाहत्यांना हरलेल्या सामन्यापेक्षा अधिक अचूक आठवतो, असे दिसले. जिंकलेल्या सामन्याची उजळणी मित्रांबरोबर पुन:पुन्हा होते. हरलेला सामना कोणी काढत नाही. लिव्हरपूलचे पाठीराखे याला अपवाद नाहीत. २००७ मध्ये अथेन्स येथे हेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत भेटले आणि मिलानने २-१ असा विजय मिळवला. त्या रात्रीच्या गप्पा लिव्हरपूलमध्ये क्वचितच रंगतात.

या उजळणीत काही दंतकथाही मिसळतात. मिलानचे खेळाडू मध्यंतरातच जल्लोष करीत होते, ही त्यांपैकीच एक. मिलानच्या बाजूने ती ठामपणे नाकारण्यात आली आहे. तरीही ती टिकून आहे, कारण गाणाऱ्या पाठीराख्यांच्या कथेला तिच्यामुळे उठाव येतो.

ज्याविषयी बोलणे कठीण होते

मात्र ही आठवण इतकी जपली जाण्यामागे आणखी एक, गंभीर कारण आहे. इस्तंबूलपूर्वी लिव्हरपूल या स्पर्धेच्या अंतिम फेरीत शेवटचे खेळले ते २९ मे १९८५ रोजी, ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये, ज्युव्हेंटसविरुद्ध. सामन्यापूर्वी लिव्हरपूलच्या काही प्रेक्षकांनी चाल केली, घाबरून मागे सरलेल्या गर्दीच्या दाबाने भिंत कोसळली आणि ३९ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये बहुसंख्य इटालियन होते. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षे बंदी आली. लिव्हरपूलला आणखी एक वर्ष बाहेर राहावे लागले.

त्यामुळे वीस वर्षे 'युरोपीय चषकाचा मागचा अंतिम सामना' हा विषय निघाला की लिव्हरपूलच्या पाठीराख्यांपुढे आठवण उभी राहायची ती मृत्यूची आणि शरमेची. योगायोगाने २००५ च्या उपान्त्यपूर्व फेरीत ज्युव्हेंटसशीच गाठ पडली, हेसेलनंतर प्रथमच. ॲनफिल्डवर यजमान प्रेक्षकांनी हातातील फलक जोडून 'अमिचित्सिया', म्हणजे मैत्री, हा इटालियन शब्द साकारला. पाहुण्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या, तर काहींनी पाठ फिरवली. दोन्ही प्रतिक्रिया समजण्याजोग्या होत्या.

या पार्श्वभूमीवर इस्तंबूलकडे पाहिले, तर मध्यंतरातील गाण्याचे मोल कळते. प्रेक्षकाला सामन्यात सहसा काही करता येत नाही. तो पाहतो आणि घरी जातो. हेसेलमध्ये प्रेक्षकांनी जे केले त्याने एका पिढीची मान खाली गेली होती. इस्तंबूलमध्ये त्याच क्लबच्या प्रेक्षकांनी पराभव डोळ्यांसमोर दिसत असताना आपल्या खेळाडूंसाठी गाणे म्हटले. त्या गाण्याने गोल झाले की हमानच्या येण्याने, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. परंतु त्या रात्री आपणही काहीतरी चांगले केले, ही भावना पाठीराख्यांच्या दृष्टीने चषकाइतकीच मोलाची आहे.

लिव्हरपूलने त्यानंतर २०१९ मध्ये माद्रिद येथे सहाव्यांदा हा चषक जिंकला. २०२० आणि २०२५ मध्ये लीगही जिंकली. त्या संघांचा खेळ २००५ च्या संघापेक्षा निःसंशय सरस होता. तरी गप्पांचा फड जमला की विषय वळतो तो इस्तंबूलकडेच. हेसेलमध्ये बळी गेलेल्या ३९ जणांच्या स्मरणार्थ २०१० मध्ये ॲनफिल्डवर फलक बसवण्यात आला आहे. इस्तंबूलच्या कथा ऐकत वाढलेल्या नव्या पाठीराख्यांना वडीलधाऱ्यांनी त्या फलकाचीही गोष्ट सांगायला हवी. ती ऐकल्याखेरीज इस्तंबूलच्या त्या गाण्याचा अर्थ त्यांना अर्धाच कळेल.