नाण्यांचे रास्त मोल : लिलावांच्या अर्धशतकाचा मागोवा

ज्याच्या घरी वडिलोपार्जित पेटीत शिवराया पडून आहेत त्याला त्या विकावयाच्या झाल्यास पहिला प्रश्न पडतो तो भावाचा, आणि ज्या संग्राहकाला त्या घ्यावयाच्या आहेत त्यालाही प्रश्न पडतो तो हाच. फरक एवढाच की, अर्धशतकापूर्वी या दोघांच्या मध्ये मोडवाल्याची तागडी होती आणि सांप्रत संगणकाच्या पडद्यावर चढत जाणारा बोलीचा आकडा आहे. या स्थित्यंतरात संग्राहकाला न्याय मिळाला की नाही, याविषयी नाणेप्रेमी मंडळींत दोन तट आहेत. लिलावाने भाव उघड्यावर आणला असे एक पक्ष म्हणतो, आणि लिलावाने भाव भडकावला अशी दुसऱ्याची तक्रार असते. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे आहे. परंतु कोणते नाणे, आणि त्याच्यासाठी बोली लावणारे किती, हे सांगितल्यावाचून त्यातले एकही पुरे होत नाही.

सन 1674 मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, आणि एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी प्रचारात आली. होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. उलट शिवराई छत्रपतींच्या मागून पेशवाईतही पाडली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दख्खनच्या बाजारांत चालत होती, त्यामुळे ती विपुल उरली. चलनातून उतरल्यावर तिचे मोल तांब्याच्या भावाने ठरू लागले. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी गोणपाटावर मांडलेल्या ढिगातून हवी ती शिवराई निवडून घ्यावी, आणि सराफाकडे राणीछाप रुपये चांदीच्या वजनाने, घट वजा करून, मोजून घ्यावेत, असा एकेकाळी शिरस्ता होता. सन 1980 च्या आरंभी चांदीचा भाव जगभर कडाडला तेव्हा तर जुनी नाणी मुशीत घालण्याचा मोहच सर्वत्र बळावला. आमच्या पिढीचे संग्राहक त्या स्वस्ताईची आठवण मोठ्या हळहळीने काढतात. परंतु ती स्वस्ताई विकणाऱ्याच्या अज्ञानावर उभी होती, हे न्यायाची भाषा बोलणाऱ्याने विसरता कामा नये. ज्या म्हातारीने नवऱ्याच्या माघारी मूठभर नाणी मोडीच्या भावाने दिली, तिच्या दृष्टीने तो काळ रास्त खचितच नव्हता.

भावाला ज्ञानाचा आधार मिळाला तो हळूहळू, आणि तो देणारे व्यापारी नव्हते, अभ्यासक होते. अलाहाबादेत 1910 साली भारतीय नाणकशास्त्र परिषद स्थापन झाली होतीच. 1980 मध्ये नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली, आणि तिच्याच विद्यमाने 1989 साली के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठा टांकसाळी व नाणी यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोणते नाणे कोणत्या टांकसाळीचे, कोणत्या अमदानीचे, हे छापील पानावर आल्यावर ढिगातली शिवराई ढिगातली राहिली नाही. पुढे मुंबईसारख्या शहरांत सभागृहांतून लिलाव होऊ लागले, त्यांच्या सचित्र याद्या आगाऊ घरपोच येऊ लागल्या, आणि लिलावापूर्वी नाणी पाहण्याची मुभा मिळू लागली. ती मुभा ही त्या पद्धतीची खरी मातब्बरी होती. नाणे बोटांत धरून कड फिरवली की ओतीव नकलेचा सांधा नखाला लागतो, भिंगाखाली पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे सूक्ष्म खळगे दिसतात, आणि काट्यावर ठेवताच वजन बोलते.

संगणकावरचा लिलाव आपल्याकडे रूढ झाला तो या शतकाच्या आरंभी. सन 2000 च्या सुमारास निघालेले ‘बाझी’ हे संकेतस्थळ 2004 मध्ये अमेरिकेच्या ‘ईबे’ने विकत घेतले, आणि 2018 मध्ये ईबेची भारतीय पेढी बंद होईपर्यंत तालुक्याच्या गावचा शिक्षक आणि मुंबईचा धनिक एकाच नाण्यावर बोली लावू शकत होते. या पद्धतीत आपली कमाल रक्कम यंत्राला सांगून ठेवता येते आणि नाणे मिळते ते प्रतिस्पर्ध्याच्या बोलीहून केवळ एक पायरी वर. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्रे यांनी 1961 साली मांडलेल्या, आणि 1996 च्या नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या, विचाराचेच हे व्यवहारी रूप होय. ग्राहकाने आपली खरी ऐपत निःशंकपणे सांगावी आणि तरीही त्याची लूट होऊ नये, ही तिच्यातली खुबी आहे. मात्र समोरची बोली खऱ्या ग्राहकाची असली पाहिजे. ती मालकाच्याच हस्तकाची निघाली तर सगळी खुबी ग्राहकावर उलटते, आणि पडद्याआडचा हात कोणाचा हे त्याला कळत नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, सभागृहे ओस पडली, आणि लिलावाचे बहुतेक दप्तर पडद्यावर गेले ते बव्हंशी तेथेच राहिले.

या व्यवहारात संग्राहकाने गमावले ते प्रथम हाताचे परीक्षण. सहाव्या जॉर्जचा 1938 सालचा चांदीचा रुपया मुबलक मिळतो, 1939 चा मात्र फार दुर्मिळ. म्हणून 8 च्या अंकावर कोरणी चालवून त्याचा 9 करण्याची लबाडी जुनीच आहे. अंकाभोवतीची जमीन किंचित खरवडलेली, शेपटीचे वळण ओढून आणल्यासारखे, हे भिंगाला दिसते. छायाचित्रात, प्रकाश थोडा तिरपा धरला की, ते बेमालूम लपते. परदेशी प्रमाणन-संस्थांनी गुणांकन करून बंदिस्त डबीत दिलेली नाणी हा यावरचा एक उपाय खरा. तथापि सत्तर गुणांचे ते मापन मूळ अमेरिकेच्या जुन्या सेंटांसाठी योजलेले. शिवराईवर ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून ‘छत्रपति’तली किती अक्षरे चकतीवर उतरली यावर तिचे मोल; ते एका आकड्यात मावत नाही.

दुसरे नुकसान आकारणीचे. बोली 10,000 रुपयांवर तुटली असे धरू. लिलावगृहाने ग्राहकाकडून शेकडा 15 दलाली घेतली तर 1,500 रुपये आणि त्या दलालीवर 18 टक्के कराचे 270 वाढले. विकणाऱ्याकडून शेकडा 10 कापले तर त्याच्या हाती 9,000 पडले. नाण्यावरचा कर आणि टपालहशील बाजूला ठेवले तरी देणाऱ्याच्या नि घेणाऱ्याच्या मध्ये 2,770 रुपयांची दरी पडली, आणि यादीत मात्र छापून येतात दहा हजारच.

तिसरी गोष्ट कायद्याची. सन 1972 चा पुरावस्तूंविषयीचा अधिनियम 1976 मध्ये अमलात आल्यापासून शंभर वर्षांचे वा त्याहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. वारसा राखण्यासाठी हे आवश्यकच. पण त्यामुळे येथील विकणाऱ्याला जगाचा बाजार बंद आणि ग्राहकाला लंडनच्या लिलावातून नाणे आणावयाचे तर आयातीचा भुर्दंड, अशी स्थिती असते. जगातला भाव आणि येथला भाव यांत अंतर पडते त्याचे एक कारण हे आहे.

आणि या साऱ्यावर अफवांचे पीक. वैष्णोदेवीचे चित्र असलेले, कालपरवापर्यंत खिशात खुळखुळणारे नाणे लाखोंना विकले जाते, अशा वार्ता इतक्या पसरल्या, आणि रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन भोळ्या लोकांकडून शुल्क उकळण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे, एवढा विवेक शिकवणारी शाळा अद्याप निघालेली नाही.

मग न्याय झाला की नाही? जे नाणे महिन्यातून अनेकदा विकले जाते, उदाहरणार्थ पेशवाईतली दुदांडी शिवराई किंवा व्हिक्टोरिया राणीचा साधा रुपया, त्याच्यापुरता तो निःसंशय झाला: मागल्या अनेक विक्रींचे आकडे कोणालाही पाहता येतात, आणि म्हातारीही फसत नाही, संग्राहकही नाही. परंतु होनासारखे जे नाणे वर्षानुवर्षांत एखादेच येते, त्याला बाजारभाव असा नसतोच. दोन धनाढ्यांची ईर्षा जुळली तर आकडा कित्येक लाखांनी उसळतो, एक जण त्या दिवशी परगावी असला तर तेच नाणे निम्म्यावर तुटते. आणि या दोहोंपैकी कोणताही एक आकडा पुढल्या यादीत आधार म्हणून छापला जातो, हाच खरा अन्याय होय. लिलावगृहांनी न विकली गेलेली नाणी आणि राखीव किमती यादीत नमूद कराव्यात, नाणे पूर्वी कोणाच्या संग्रहात होते ते लिहावे, मालकाला स्वतःच्या मालावर बोली लावू देऊ नये, एवढी मागणी करण्याचा संग्राहकाला अधिकार आहे. त्यापलीकडचे मात्र त्याने स्वतःच करावयाचे: विपुल नाण्यासाठी आकडे वाचावेत, दुर्मिळ नाण्यासाठी ग्रंथ वाचावा, आणि ज्याच्या मोलाची खात्री स्वतःच्या अभ्यासाने पटली नाही त्यावर बोली लावू नये.